तेल नंबर दोन

आयुष्यात मी जे काही लिहिलं ते बहुतेक पिंपांवर. बागेला पाणी घालायच्या मऊ प्लास्टिकच्या नळ्या बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी सत्तावीस वर्षं भांडार सांभाळलं. बाहेरून जी पिंपं यायची त्यांच्यावरची नावं हातभर लांब आणि परक्या अक्षरांत असायची, कुणाच्या जिभेवर बसत नसत. म्हणून मी ब्रश घेऊन, पांढऱ्या रंगानं, त्यांच्यावर आपल्या भाषेतली सोपी नावं घालायचो. यंत्रांना घालायचं ते तेल नंबर एक. नळी मऊ व्हावी म्हणून पावडरीत मिसळायचं ते तेल नंबर दोन. चिमटीवहिनीबद्दल लिहायला बसलो आहे ते या दुसऱ्या नंबरामुळे. जमेल की नाही ठाऊक नाही. बायको म्हणते, तुम्हाला साधं पत्र लिहायला आठवडा लागतो. ते खरंच आहे.

वहिनीचा नवरा आमच्याकडे नळी ओढायच्या यंत्रावर होता. लग्नानंतर वर्षभरात तीही कामाला आली, म्हणून सगळ्यांची वहिनी. अंगानं काडी, पण जिभेला धार. तिला मिसळणीवर दिलं. मिसळणीचं यंत्र म्हणजे झाकण असलेलं मोठं पातेलं. त्यात पांढरी पावडर, खडूची भुकटी, रंग आणि तेल घालायचं, आतलं पातं गरगर फिरतं, माल तापतो आणि पावडर तेल पिऊन टाकते. ते नेमकं कधी प्यायली हे ओळखणं हीच सगळी कला. लवकर काढलं तर नळी चिकट होते, उशिरा काढलं तर करपते. वहिनी झाकण उघडून उघडा हात आत घालायची, कोमट मालाची मूठ भरून दाबायची आणि सोडायची. वाळूसारखा सुटला, तळहात कोरडा राहिला, की म्हणायची, "उतरवा." तयार नळी दोन बोटांत चिमटली की तेल किती पडलंय हेही सांगायची. कधी चुकली नाही. त्यावरून नाव पडलं, चिमटी.

मिसळणीला तापमानाचा एक काटा होता. ती आल्यावर दुसऱ्या वर्षी तो बिघडला आणि एका आकड्यावर अडकून बसला. मालक म्हणाले, "हिच्या तळहाताला डोळे आहेत, काटा हवाय कशाला?" सहा वर्षं तो तसाच राहिला. एकदा कुणी तरी हातमोजे आणून दिले. वहिनी म्हणाली, "जिभेला मोजा चढवून भाजीची चव बघा, मग मला सांगा." सगळे हसले. मीही हसलो.

ते तेल दिसायला पाण्यासारखं होतं. वास नाही, खवट होत नाही, हाताला थंड लागतं. हाताला लागलेला रंग त्यानं चटकन निघायचा. लोक बाटली घेऊन भांडारात यायचे, "काका, थोडं नंबर दोन द्या." मी द्यायचो. दाराच्या बिजागऱ्या, शिवणयंत्र, फुटलेल्या टाचा. वहिनीच्या सासूबाई ते गुडघ्यांना चोळायच्या. म्हणायच्या, सुनेनं आणलेली एवढी एकच वस्तू कामाची निघाली.

वहिनीला पहिला मुलगा झाला तो वेगळा झाला. लघवीची वाट टोकाला असते ती त्याची खालच्या अंगाला होती, आणि एक गोटी पोटातच अडकलेली. हे आमच्या घरापर्यंत आलं कारण वहिनी भिंतीपलीकडे राहायची आणि माझ्या बायकोजवळच काय ते बोलायची. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. सासूबाई मात्र घरात ऐकवायच्या, "आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं. कुशीतच खोट असेल तर कोण काय करणार." दीड वर्षाचा असताना एक शस्त्रक्रिया झाली, चार वर्षांचा असताना दुसरी.

पहिल्या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "तुम्ही काम काय करता?" वहिनी म्हणाली, "तेल मिसळायचं." बाईंनी लिहून घेतलं, आई तेलगिरणीत कामाला. गिरणीतलं तेल म्हणजे खायचं तेल. त्यात विचारण्यासारखं काय? कागद मिटला तो अडीच वर्षं मिटलेलाच राहिला.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत मुलाला बारीक नळी घातलेली होती. ती काढायच्या दिवशी वहिनी त्याला घेऊन गेली. तिला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते, सातवा आठवडा चालू होता. नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगा रडत होता. त्याचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून बाईंनी ट्रेमधली तसलीच एक कोरी नळी त्याच्या हातात दिली. वहिनीनं ती सहज दोन बोटांत चिमटली, सोडली आणि म्हणाली, "हिच्यात तेल फार आहे, डॉक्टर. शंभराला साठच्या वर."

बाई हसल्या. "नळीत कसलं तेल?"

"तेच, आम्ही घालतो ते. त्याशिवाय प्लास्टिक मऊ कसं होईल?"

बाईंचा हात थांबला. "तुम्ही तेलगिरणीत आहात ना?"

"गिरणी कुठली? नळ्यांचा कारखाना."

मग बाईंनी सगळं विचारलं. किती वर्षं, हातात काय घालता, वाफ येते का, घरी आणता का. वहिनी एकेक सांगत गेली. शेवटी म्हणाली, "हा पोटात होता तेव्हा पोटाची कातडी फार खाजायची. थंड वाटायचं म्हणून रोज चोळायची. तेलच ते." बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी जे सांगितलं ते वहिनीनं माझ्या बायकोला सांगितलं आणि तिनं मला. माझ्या शब्दांत लिहितो, चूक असेल तर माझी. आपल्या शरीरात निरोप नेणारी द्रव्यं असतात, त्यांना हार्मोन म्हणतात. गर्भ मुलाचा असेल तर आठव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास हे निरोप जातात आणि त्याप्रमाणे अवयव घडतात. या तेलासारखी काही रसायनं त्या निरोपात खोडा घालतात. प्राण्यांत हे स्वच्छ दिसलं आहे, माणसांत तशा खुणा सापडतात. "तुमच्या मुलाचं यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही," बाई म्हणाल्या, "अशी मुलं तेलाच्या आसपास न फिरकलेल्या आयांनाही होतात. पण तुमचा आठवा आठवडा सोमवारी लागतो. मी तुमच्या जागी असते तर त्या यंत्राजवळ गेले नसते."

वहिनीनं ट्रेमधल्या नळीकडे बोट केलं. "मग ही?"

बाईंनी ट्रे बाजूला सरकवला. "ही दहा दिवसांसाठी होती. ती नसती तर शिवलेली वाटच बुजली असती. पण तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे. दुसऱ्या जातीची मिळते का बघते."

सोमवारी सकाळी वहिनी मालकांकडे गेली. खरं कारण सांगितलं तर मुलाची गोष्ट चारचौघांत जाणार, पोर मोठं होऊन याच वस्तीत वावरणार. म्हणून ती म्हणाली, पाठ धरली आहे, मला खोकी घडायला टाका. मालक माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवसांत मोठी मागणी हातात होती. ते म्हणाले, "पाठ धरली तर हात चालतो ना? आठ दिवस उभी राहा, त्या नवीला मूठ शिकव, मग खुशाल जा." नवी म्हणजे महिन्यापूर्वी लागलेली पोरगी, नुकतंच लग्न झालेली.

आठ दिवस. मालकांना वाटलं आपण थोडंच मागतोय.

वहिनी सरळ भांडारात आली आणि रिकाम्या गोणीवर बसली. "काका, त्या पिंपावर खरं काय लिहिलंय?"

"नंबर दोन."

"ते तुम्ही लिहिलंय. खाली काय आहे?"

मी पत्र्याची पट्टी घेतली आणि माझा पांढरा रंग खरवडायला लागलो. दोन-तीन हात दिलेला, सहज निघेना. 'तेल'ची मात्रा गेली, मग त गेला. खाली एक चित्र निघालं, माणसाचं वरचं धड आणि छातीवर तडकलेली चांदणी. त्याच्याखाली एक ओळ. मला ती भाषा अडखळत वाचता येते. दोनदा वाचली. मूल होण्याच्या शक्तीला किंवा पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते.

ओळ पहिल्यापासून होती. मी बरोबर तिच्यावरच तेल लिहिलं होतं, कारण तिथली जागा सपाट होती.

"वहिनी," मी म्हणालो, "हे माझ्यामुळे झालं. नाव मी घातलं. बाटल्याही मीच भरून दिल्या."

ती त्या चित्राकडे बघत होती. "तुम्ही नुसतं लिहिलंत, काका. मी पोटाला चोळलं." मग उठली. "मालकांना तुम्ही सांगाल का? माझ्या तोंडून निघणार नाही."

मी हो म्हणालो. दुपारी मालकांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ते फोनवर होते. मी थांबलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशीही तेच. ते दोन दिवस वहिनी काही ना काही निमित्तं काढत राहिली. कधी खडूची गोणी आणायला जायची, कधी मुतारीत जाऊन बसायची. नवी आपल्या अंदाजानं माल उतरवायची आणि नळी चिकट निघायची. यंत्रावरून नवरा बायकोकडे बघायचा, बायको जमिनीकडे.

बुधवारी मालक स्वतः खाली आले. चिकट नळीचं वेटोळं हातात होतं. ते मिसळणीजवळ टाकून म्हणाले, "हे काय चाललंय? झाकण उघडा. चिमटी, घाल हात."

झाकण उघडलं. वाफ वर आली. वहिनी दोन पावलं मागे सरली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"पाठ धरली आहे," ती म्हणाली.

"पाठीनं मूठ भरतेस का?"

कुणी तरी हसलं आणि गप्प झालं. नवी बिचारी मधे पडली. तिला वाटलं वहिनीला बोलणी आपल्यामुळे बसतायत. बाही वर सारून म्हणाली, "वहिनी, तुम्ही नुसतं सांगा, मी भरते. असं ना?" आणि तिचा हात कोपरापर्यंत आत गेला.

वहिनीनं झडप घालून तिचं मनगट धरलं आणि बाहेर खेचलं. इतक्या जोरात की नवी कळवळली.

"अहो वहिनी, दुखलं."

"दुखू दे. हात धुऊन ये आधी. साबणानं."

"काय तमाशा लावलाय?" मालक म्हणाले. "सात वर्षं रोज हात घातलास. तुला काय झालं?"

"मला काही नाही झालं," वहिनी म्हणाली. "माझ्या पोराला झालं."

आणि तिनं सांगितलं. ज्यासाठी चार वर्षं तोंड शिवून ठेवलं होतं ते सगळं, यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून, सगळ्यांसमोर. पोराला काय होतं, त्याला कितीदा कापलं, पोटात आता दुसरं आहे, आठवा आठवडा आहे, आणि या नवीच्या पोटात उद्या असेल तेव्हा हिलाही कुणी सांगणार नाही. बोलताना एकदाही रडली नाही. नवी तेलकट हात साडीला पुसत होती. मग साडीकडे बघितलं आणि हात तसाच हवेत धरून उभी राहिली.

"हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?" मालक म्हणाले. "इतकी वर्षं सगळ्यांनी हात घातले. मी घातले. डॉक्टरांचं काय, आज हे म्हणतात उद्या ते. मागणी गेली की सगळेच घरी बसाल. आजचा माल उतरव, उद्या बोलू."

तेवढ्यात एक आवाज बंद झाला. तो बंद झाल्यावरच कळलं की तो सतत चालू होता. वहिनीच्या नवऱ्यानं नळीचं यंत्र बंद केलं होतं. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण भरलेलं यंत्र मधेच थांबवलं की आतला माल तिथल्या तिथे जळतो, कोळसा होऊन बसतो, आणि सगळं उघडून छिन्नीनं साफ करायला दोन दिवस लागतात. त्या माणसाला मी कधी कुणाला उलट बोललेलं ऐकलं नव्हतं. तेव्हाही बोलला नाही. बटणावर हात ठेवून उभा राहिला. जळका, झोंबरा वास पसरायला लागला.

"चालू कर," मालक म्हणाले.

तो हलला नाही.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. बायकोला नंतर इतरांनी सांगितलं की काका खरवडलेलं पिंप गडगडवत घेऊन आले. माझा आवाज फाटला एवढं आठवतं. मी ती ओळ वाचली, मग तिचा अर्थ सांगितला.

मालक वाकून बघत राहिले. "मला हे कुणी सांगितलं नाही."

"पाठवणाऱ्यांनी छापलं होतं," मी म्हणालो. "मधे मी आलो."

त्यांनी नकळत आपला उजवा हात पँटला पुसला. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाले, "आता बंद केलंच आहेस तर उघडून साफ कर. मिसळणीला नवा काटा बसेपर्यंत कुणी हात घालायचा नाही." आणि वर निघून गेले.

काटा बसला. झाकणावर वाफ ओढणारा पंखा आला, कोपरापर्यंतचे मोजे आले. तेल मात्र तेच राहिलं, आणखी दीड वर्षांनी बदललं. इतर दोन बायका काम सोडून गेल्या. नवी राहिली, मोजे घालून.

वहिनीला अंगणापलीकडच्या खोलीत कोरी खोकी घडायला दिलं. मिसळणी सुटली, पण धास्ती सुटली नाही. नवरा कामाचे कपडे दाराबाहेर काढून, अंग धुऊन मगच आत यायचा. सासूबाईंची बाटली काढून घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझे गुडघे काय बाळंत होणार आहेत?" वहिनीनं बाटली मला आणून दिली. मग तिनं घर तपासायला घेतलं. जे जे मऊ दिसेल ते दोन बोटांत चिमटायची. टेबलावरचं कापड, खिडकीचा पडदा, मुलाच्या चपला, त्याचा रेनकोट. सगळ्यांत तेल. मुलाचा एक लवचिक हत्ती होता, त्याचा कान चावून चावून चपटा झालेला. तो टाकला तेव्हा मुलगा दोन दिवस बोलला नाही. माझी बायको म्हणाली, "अगं, अशानं घरात भिंतीच उरतील." वहिनी म्हणाली, "भिंतींच्या रंगात काय असतं ते काकांना विचारा."

बाईंनी तिला समजावलं की सगळंच टाळता येत नाही, जेवढं मोठं होतं तेवढं टळलं. पण ती आठवडे मोजत राहिली. नववा, दहावा. मालकांनी अडवून ठेवलेले ते तीन दिवस आणि त्याआधीचे सगळे दिवस ती पुन्हा पुन्हा मोजायची. चौदावा संपला तरी चेहरा सुटला नाही. जे व्हायचं ते आता होऊन गेलं होतं, फक्त दिसत नव्हतं.

बाळंतपण नीट झालं. मुलगा. आम्ही दोघं दवाखान्यात होतो. बायको आत, मी दाराशी. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, दुपटं बाजूला केलं, वाकून बघितलं, बोटांनी चाचपलं. मग त्या म्हणाल्या, "दोन्ही जागेवर आहेत. वाटही नीट आहे."

नवरा भिंतीला टेकला आणि हसायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणतच होते." वहिनीनं मात्र तोंड भिंतीकडे फिरवलं. पाठ हलायला लागली.

"आता गं काय?" माझी बायको म्हणाली.

"हा नीट निघाला," वहिनी म्हणाली, "म्हणजे तो माझ्यामुळे."

बाई खुर्ची ओढून बसल्या. "असं गणित मांडता येत नाही. एका मुलावरून दुसऱ्याचं ठरत नाही. मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही."

"तुम्हाला नाही मांडता येत," वहिनी म्हणाली. "माझं मांडून झालं."



थोड्या वेळानं मोठा आत आला. पाच वर्षांचा झाला होता. पलंगावर चढला, भावाकडे बघितलं, दुपटं उघडंच होतं. बराच वेळ निरखून म्हणाला, "याला नळी घालणार?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"का?"

बाप खिडकीबाहेर बघायला लागला. सासूबाईंनी, नवल म्हणजे, काही ऐकवलं नाही. वहिनीनं डोळे पुसले आणि त्याला कुशीत ओढलं. "तुला सांगेन मी. मोठा झालास की मीच सांगेन. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

"आत्ता सांग," तो म्हणाला.